कॅमेरा घेतला, आता गिऱ्हाईक कुठाय?

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि मुहूर्त सुरू झाले की या सदराकडे फोटोग्राफीचे प्रश्न यायला लागतात, दरवर्षीचंच आहे. यंदा 'कुठला कॅमेरा घेऊ' पेक्षा 'धंदा कसा करू' विचारणारे जास्त आहेत, बरं वाटलं. नुसत्या कॅमेऱ्याचे प्रश्न बाजूला ठेवलेत, त्यांची उत्तरं यूट्यूबवर ढिगाने पडलीयत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून सगळ्यांचीच फक्त गावं देतेय.

प्रश्न : ताई, मी चाकणला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. मित्रांच्या लग्नात फोटो काढतो, सगळे म्हणतात तू प्रोफेशनल हो. तीन लाख साठवलेत, त्यात नवा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि २४-७० झूम लेन्स घ्यायची आणि जॉब सोडायचा असा विचार आहे. सोडू का? — राजगुरुनगर

उत्तर : नको सोडूस. निदान एक अख्खा सीझन तरी नको. मित्राच्या लग्नात मंगलाष्टकं संपताना कुणीतरी काका अक्षता टाकायला मधे आले आणि हार घालतानाचा फोटो गेला तर कुणी काही बोलत नाही, उलट हसतात. पैसे घेतल्यावर तोच फोटो गेला तर भटजींना परत अंतरपाट धरायला सांगणारेस का?

आधी सेकंड शूटर म्हणून, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या हाताखाली, जा. पुणे, चाकण, मंचर पट्ट्यात जे लोक सीझनला भरपूर लग्नं घेतात त्यांना माणसं कमीच पडतात, रविवारी नाहीतर सुट्टी टाकून जा, दिवसाचे पैसे कमी मिळतील पण सकाळी हळदीपासून रात्री वरातीपर्यंत उभं राहणं म्हणजे काय ते कळेल, आणि मंगल कार्यालयातला उजेड कळेल. तो उजेड यूट्यूबवर कुणी शिकवत नाही. एका बाजूला ट्यूबलाइट, स्टेजवर गुलाबी एलईडी, व्हिडिओवाल्याचा भगभगीत लाइट थेट नवरीच्या तोंडावर, आणि तू सायलेंट शटर (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) लावून बसलास तर एलईडीमुळे फोटोभर आडवे पट्टे. हे एकदा दुसऱ्याच्या जबाबदारीवर बघून घे.

आता तीन लाखांचं. एका नव्या बॉडीत (लेन्स सोडून नुसता कॅमेरा) आणि एका लेन्समध्ये सगळे घालवू नकोस, कारण एका कॅमेऱ्यावर लग्न घ्यायचंच नसतं, बंद पडला तर? सेकंडहँड बघ, पण दोन कार्डांचे स्लॉट असलेलीच बॉडी बघ म्हणजे प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर जातो. सोनीचा ए सेव्हन थ्री २०१८ चा आहे, दोन स्लॉट आहेत, बाजारात भरपूर मिळतो. निकॉनच्या पहिल्या झेड सिक्सला एकच स्लॉट होता, झेड सिक्स टूला दोन आले. कॅननचा आरपी आणि सिक्स डी मार्क टू स्वस्तात दिसतील पण दोन्हींना एकेकच स्लॉट, म्हणजे लग्नाला मुख्य कॅमेरा म्हणून मी तरी घेणार नाही. कमी उजेडात चालणाऱ्या ५० आणि ८५ च्या १.८ लेन्स, दोन फ्लॅश, ते लांबून पेटवायचा ट्रिगर, चांगली कार्डं, दोन हार्डडिस्क. २४-७० आणि ७०-२०० लागेल त्या दिवशी पुण्यातून भाड्याने आण. एवढं करून जे उरेल ते बँकेत राहू दे. आणि सामानाचा विमा काढताना घराबाहेर नेलेल्या सामानालाही तो लागू आहे का ते विचारून घे, नुसता दुकानाचा विमा कार्यालयात चोरीला गेलेल्या लेन्सचे पैसे देत नाही.

बँकेत ठेव म्हणते कारण आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चार महिने मुहूर्त जवळजवळ नसतात. त्यात २०२६ ला अधिक ज्येष्ठ आलाय, १७ मे ते १५ जून, म्हणजे मे महिन्याचा निम्मा सीझनच गेला, अधिक महिन्यात आपल्याकडे कोण लग्न करतंय. फोटोग्राफरने पंचांग बघितल्याशिवाय राजीनामा देऊ नये, हे मी गमतीने नाही म्हणत.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण मिळून कँडिड (पोज न देता, सहज टिपलेले फोटो) वेडिंगचं काम करतो. रेट काय लावायचा हेच कळत नाही. आमच्याच एरियात एक जण अल्बमसकट १५ हजारात पूर्ण दिवस करतो. आम्ही २५ सांगितले की लोक फोन ठेवतात. नातेवाईकांना तर फुकटच पाहिजे असतं. — डोंबिवली

उत्तर : तुम्ही रेट शेजाऱ्याकडे बघून लावताय, तिथंच घोटाळा आहे. तो १५ मध्ये करतो म्हणजे त्याला परवडतं असं नाही, कदाचित त्याने हिशोबच केलेला नसेल, कदाचित घरची लॅब असेल, कदाचित दिवसाला दोन लग्नं मुलांना पाठवून करत असेल. तुमचा हिशोब तुम्ही करा. मी एक नमुना करून दाखवते, आकडे समजा म्हणून घ्या आणि तिथे तुमचे घाला.

समजा तुमचं सामान ४ लाखांचं आहे आणि चार वर्षं टिकेल, तर वर्षाचे १ लाख झाले. कॉम्प्युटर, एडिटिंगचं सॉफ्टवेअर, हार्डडिस्क याचे वर्षाला ६० हजार. दुरुस्ती आणि विमा २५ हजार. फोन, नेट, जाहिरात, गिऱ्हाईकांना भेटायला जाणं येणं ४० हजार. झाले २ लाख २५ हजार, आणि यात तुमचा स्वतःचा पगार अजून एक रुपया नाही. तो एकीचाच धरू, महिना ३० हजार, वर्षाचे ३ लाख ६० हजार. एकूण ५ लाख ८५ हजार. आता वर्षात खरोखर किती लग्नं मिळतील? सीझनमध्ये ठराविक तारखांना सगळेच मागतात आणि बाकीच्या तारखांना कुणीच नाही, म्हणून २६ धरली तरी सुरुवातीला खूप झाली. भागाकार करा, एका लग्नाचे २२,५०० येतात. यात अल्बम नाही, मैत्रिणीचा पगार नाही, असिस्टंट नाही, गाडीभाडं नाही. ते सगळं यावर.

आणि लग्नाचा एक दिवस म्हणजे एक दिवस नसतोच. आधीची भेट, मग फोटो निवडणं, एडिट, अल्बमचं डिझाइन, 'काकूंचा फोटो राहिला' म्हणून परत डिझाइन, सगळं धरून चार दिवस सहज जातात. म्हणजे १५ हजारवाला दिवसाला किती कमावतो ते तुम्हीच काढा, करिझ्मा अल्बमचे (जाड पानांचा छापील अल्बम) पैसे वजा करून काढा.

मग २५ ला लोक फोन ठेवतात त्याचं काय? फोनवर नुसता आकडा सांगितला की ठेवणारच, कारण ऐकणाऱ्याकडे तुलना करायला आकडाच असतो फक्त. तारीख विचारा, कार्यालय कुठलं विचारा, हळद आदल्या दिवशी आहे का, सीमांतपूजन आहे का, किती माणसं, घरात आजी आजोबा आहेत का, मग सांगा. आणि सगळं एकाच पॅकेजमध्ये कोंबू नका. शूट वेगळं, अल्बम वेगळा, व्हिडिओ वेगळा. ज्याला कमी पैशात पाहिजे त्याने अल्बम नंतर करावा, पण शूटचे पैसे कमी करायचे नाहीत. भाव उतरवायचा तर काहीतरी काढून उतरवा, तेच काम तेवढ्याच तासांत पाच हजार कमी केलं की पुढच्या वेळी तो मावसभावाला हाच रेट सांगून पाठवतो.

नातेवाईक हा वेगळाच विषय आहे. बिल पूर्ण रकमेचं करायचं, खाली सूट लिहायची आणि उरलेलं घ्यायचं, म्हणजे निदान काय दिलं ते त्यांना कळतं. अगदी जवळचं लग्न असेल तर सांगा की अल्बम माझ्याकडून आहेर, शूटचं तेवढं द्या. आणि सख्ख्या भावाच्या लग्नात कॅमेरा घेऊच नका, दुसऱ्या फोटोग्राफरला सांगा आणि साडी नेसून मिरवा.

प्रश्न : माझा १९९२ पासून स्टुडिओ आहे. आधी रोलचं काम, मग कलर लॅबची एजन्सी, मग डिजिटल. आता पासपोर्ट फोटोलासुद्धा कुणी येत नाही, सगळं मोबाइलवर. मुलगा म्हणतो गाळा भाड्याने देऊन टाका. तुम्हाला काय वाटतं? — बार्शी

उत्तर : काका, तुम्ही रोलपासून इथपर्यंत आलात म्हणजे कोनिकाने २००६ ला फोटोचा धंदा सोडायचं जाहीर करताना बघितलंय आणि कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर करतानाही बघितलंय, एवढ्या मोठ्या कंपन्या बसल्या आणि तुमचा गाळा उभा आहे. मी कोण तुम्हाला शिकवणार. पण विचारलंय म्हणून सांगते.

पासपोर्ट फोटोचं काम परत येणार नाही. पासपोर्ट केंद्रात तिथल्या तिथे फोटो काढतात, बँका ऑनलाइन झाल्या. व्हिसाचं थोडं राहील, त्याची मापं वेगळी असतात, अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंच, युरोपातल्या शेंगेन व्हिसाला ३५ बाय ४५ मिलिमीटर, आणि ते मोबाइलवर चुकतं आणि अर्ज परत येतो. बार्शीतनं मुलं परदेशी शिकायला जातायत, दारावर नुसतं 'फोटो निघतील' लिहिण्याऐवजी 'व्हिसाच्या मापाचे फोटो' असं लिहा.

तुमच्याकडे खरी गोष्ट आहे ती कपाटात. निगेटिव्ह ठेवलेत ना? तीस वर्षांत तालुक्यातली किती घरं तुमच्या कॅमेऱ्यासमोर बसली असतील. त्या घरातली माणसं आता पुण्यात हडपसरला, पिंपरीला आहेत, त्यांच्याकडे आजोबांचा एकच फोटो आहे आणि तो ओल लागून गेलाय. निगेटिव्ह स्कॅन करून द्यायचं, जुना फोटो दुरुस्त करून मोठा करून फ्रेम करून द्यायचं हे काम मोबाइल करू शकत नाही. म्हणजे ॲप आहेत, एआयवाली, पण ती आजोबांचं नाक बदलतात, टोपी बदलतात, वर दात पांढरे करतात, आणि घरातलं मोठं माणूस बघताक्षणी म्हणतं हे आमचे आबा नाहीत. तुम्हाला तो चेहरा माहीत आहे. स्कॅनरला फार पैसे घालायची गरज नाही, मॅक्रो लेन्स, खाली एकसारखा उजेड देणारा लाइट पॅड आणि स्टँड एवढ्यावर चांगलं होतं, मुलाला लावा कामाला. फक्त एक, ज्यांचे फोटो आहेत त्यांना विचारल्याशिवाय फेसबुकवर टाकू नका. 'अमुक साली अमुक शाळेचा दहावीचा ग्रुप फोटो' असा आधी शाळेला विचारून टाका, मग बघा फोन.

शाळांचं ओळखपत्राचं आणि ग्रुप फोटोचं कंत्राट, वर्षातनं एकदा पण एकगठ्ठा असतं, ते सोडू नका. गणपतीत नवरात्रात मंडळाच्या मांडवात कुटुंबाचा फोटो काढून जागेवर प्रिंट, त्याला आता छोटे डाय-सब्लिमेशन प्रिंटर येतात, मिनिटाच्या आत हातात फोटो. हातात मिळालेल्या फोटोला लोक अजूनही पैसे देतात, मोबाइलमधल्याला नाही. गाळा स्वतःचा असेल तर अर्धा भाड्याने द्या, अर्धा ठेवा. पूर्ण देऊ नका असं मला वाटतं, पण मुलाचंही ऐका, महिन्याचं भाडं किती येतंय त्यावर आहे.

प्रश्न : ताई माझे इन्स्टाला ११ हजार फॉलोअर्स आहेत, रील्स चांगल्या चालतात, पण बुकिंग शून्य. मेसेज येतात, 'प्राइस प्लीज', मी सांगतो, पुढे काहीच नाही. जाहिरातीला पण पैसे घातले. काय चुकतंय? — कोल्हापूर

उत्तर : भावा, ते ११ हजार कोण आहेत ते बघितलंस का? निम्मे दुसरे फोटोग्राफर असतील. तुझे रील्स मी बघितले, पन्हाळ्यावर मॉडेल उभी करून काढलेले, धूर सोडलेला, नऊवारी उडतेय, सुंदर आहेत. पण ज्या मुलीचं लग्न कळंब्यातल्या हॉलमध्ये दुपारी साडेबाराला आहे तिला त्यातनं काय कळणार? तिला बघायचंय की त्या हॉलच्या पिवळ्या लाइटमध्ये मी कशी दिसेन, माझी आई कशी दिसेल, जेवणाच्या पंगतीचे फोटो येतात का, झाल घालताना रडताना काढलेत का, कानपिळीला भावाचा चेहरा सापडलाय का. एका लग्नाचा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा पूर्ण अल्बम दाखव, साठ-सत्तर फोटो, निवडलेले वीस नाही. वीस चांगले फोटो कुणाचेही निघतात.

आणि आपल्याकडे ठरवतं कोण? नवरी पसंत करते, बाप पैसे देतो आणि घासाघीस मामा करतो. बाप आणि मामा दोघंही इन्स्टावर नाहीत. त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवता येईल असं चार पानी पीडीएफ मराठीत तयार ठेव, रेट, काय मिळणार, किती दिवसांत मिळणार, आधी कुणाची लग्नं केली, त्यातल्या दोघातिघांची परवानगी घेऊन त्यांचे नंबर. मामा फोन करून विचारतोच. 'प्राइस प्लीज'ला नुसता आकडा पाठवून गप्प बसू नकोस, तारीख विचार आणि फोन कर. टाइप करत बसलास की गेलं गिऱ्हाईक.

जाहिरातीचे पैसे थांबव आणि गूगलवर बिझनेस प्रोफाइल काढ, फुकट आहे. स्टुडिओ नसला तरी निघतं, घराचा पत्ता लपवून नुसता कामाचा एरिया दाखवता येतो, पडताळणीला बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. 'वेडिंग फोटोग्राफर कोल्हापूर' असं शोधणाऱ्याला फोटोग्राफर खरंच पाहिजे असतो, रील बघणारा नुसता वेळ घालवत असतो. झालेल्या प्रत्येक लग्नानंतर अल्बम हातात देताना, सगळे खूश असतात तेव्हाच, रिव्ह्यू मागायचा, लिंक तिथल्या तिथे पाठवायची. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट वगैरे देऊ नकोस, ते गूगलच्या नियमात बसत नाही आणि विकत घेतलेले रिव्ह्यू उडवतात.

रीलवर सिनेमाची गाणी लावतोस त्याकडेही बघ जरा. बिझनेस अकाउंटला इन्स्टा बरीचशी गाणी देतच नाही, कारण धंद्याच्या जाहिरातीला गाणं वापरायचं तर हक्क घ्यावे लागतात. गाण्यामुळे आवाज बंद झालेला रील गिऱ्हाईकाला पाठवणं फार वाईट दिसतं.

पण खरं सांगू का, लग्नाचं काम येतं ते मेकअपवालीकडून. नवरी सगळ्यात आधी हॉल बुक करते, त्यानंतर लवकरच मेकअप, फोटोग्राफर नंतर. म्हणून दोन दिवसांच्या आत नवरीचे दहा एडिट केलेले फोटो मेकअप आर्टिस्टला पाठव, मोठ्या साइजमध्ये, वॉटरमार्क न लावता, आधी नवरीची परवानगी घेऊन. तिला तिच्या पेजसाठी फोटो पाहिजेच असतात आणि बहुतेक फोटोग्राफर तिला महिना महिना लटकवतात. डेकोरेशनवाला, मेंदीवाली, हॉलचा मॅनेजर, केटरर, सगळ्यांना तेच. केटररच्या काउंटरचे चार चांगले फोटो काढायला पाच मिनिटं लागतात, पुढचं वर्षभर तो नाव सांगतो. हॉलचा मॅनेजर कमिशन मागेल, काही ठिकाणी तशीच पद्धत आहे, द्यायचं की नाही तू ठरव, पण दिलंस तर ते पैसे रेटमध्ये धर, खिशातनं घालू नकोस.

प्रश्न : एका लग्नाचं ४० हजाराला ठरलं होतं, २० दिले. आता म्हणतात सगळ्या रॉ फाइल (कॅमेऱ्यातल्या, एडिट न केलेल्या) द्या मग बाकीचे देतो. मी नवरीचा एक फोटो पेजवर टाकला तर काढायला लावला. फोटो मी काढलेत म्हणजे कॉपीराइट माझाच ना? — नाशिक

उत्तर : नाही. इथे बरेच फोटोग्राफर फसतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये साधारण नियम हाच आहे की ज्याने फोटो काढला तो पहिला मालक, पण त्याला अपवाद आहे. कुणी पैसे देऊन सांगून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर पहिला मालक ते काम सांगणारा माणूस. लग्न हे नेमकं असंच काम. तू स्वतःहून घाटावर जाऊन कुंभमेळ्याचे फोटो काढलेस तर ते तुझे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तुझ्या हयातीपर्यंत आणि त्यापुढे साठ वर्षं हक्क राहतो. पण त्या नवरीचा फोटो तिने नको म्हटल्यावर काढलास ते बरोबरच केलंस, आणि कायदा राहू दे, तिला नको असेल तर टाकायचा नाही.

म्हणून 'वेगळं काही ठरलं' हे कागदावर पाहिजे. वकिली भाषा नको, एक पान मराठीत. कुठल्या तारखा, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, पुढे प्रत्येक तासाला किती, एडिट केलेले साधारण किती फोटो, किती दिवसांत, रॉ फाइल देणार नाही किंवा देणार असलास तर किती पैसे, फोटो पेजवर वापरायला परवानगी आहे का (हो किंवा नाही यावर टिक, दबाव नको), लहान मुलांचे फोटो आईवडिलांना विचारून. लग्न पुढे गेलं तर विसाराचं काय? सुतक पडतं, घरात कुणी आजारी पडतं, अशा वेळी विसार पुढच्या तारखेला धरायचा असं लिही, तेवढी माणुसकी ठेवायची, पण लग्न मोडलं किंवा दुसरा फोटोग्राफर केला तर विसार परत नाही. आणि तू स्वतः आजारी पडलास तर कोण येणार, हेही. डेटा किती महिने सांभाळणार ते लिही नाहीतर पाच वर्षांनी फोन येतो, पेनड्राइव्ह हरवला, परत द्या.

पैशाचे टप्पे मी असे ठेवेन, तारीख धरताना तिसरा हिस्सा, लग्नाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी अर्धे, आणि उरलेले अल्बम छापायला जायच्या आधी. फोटो दाखवायचे लहान साइजमध्ये, मोठ्या फाइल शेवटचे पैसे आले की. तुझ्या बाबतीत आता वीस अडकलेत, रॉ वरून भांडत बसू नकोस, मेसेजवर काय काय ठरलं होतं ते सगळं एकत्र करून लेखी पाठव, एडिट केलेले फोटो तयार आहेत आणि बाकी आली की देतो असं तारखेसकट लिही. धमकीची भाषा नको, फोटो डिलीट करीन असं तर चुकूनही नको. दोन्ही घरांत बोलता येईल असा कुणी मध्यस्थ असेल, लग्न जमवणारे असतील, त्यांना फोन कर, बहुतेक वेळा तिथेच मिटतं.

कंपनीचं काम असेल तर गोष्ट वेगळी. छोट्या धंद्यांची सरकारी उद्यम नोंदणी करून ठेव, आधारवर होते आणि सरकारी पोर्टलवर एक पैसा लागत नाही, मधले एजंट पैसे घेतात ते त्यांचे. नोंदणी असलेल्या छोट्या धंद्याचे पैसे कंपनीला जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, २००६ च्या एमएसएमई (छोट्या-मध्यम उद्योगांच्या) कायद्यात आहे, नाही दिले तर व्याज लागतं आणि सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते. बिलावर उद्यम नंबर छापला की अकाउंट्सवाले जरा लवकर हलतात.

थोडक्यात काही

*जीएसटी घ्यायलाच पाहिजे का? (सांगली)* — महाराष्ट्रात सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, अल्बमचे पैसे तुझ्या बिलातनं आले तर तेही त्यात धरतात. घेतल्यावर फोटोग्राफीला १८ टक्के लावावे लागतात आणि घरगुती गिऱ्हाईकाला ते जड जातं, म्हणून उगाच आधी घेऊ नकोस, कंपन्यांचं काम जास्त असेल तर सीएला विचार. शॉप ॲक्टचं म्हणशील तर मोजकीच माणसं असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, ती पावती बँकेत चालू खातं उघडायला उपयोगी पडते.

*ड्रोन घेऊ का? (अहिल्यानगर)* — २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, ड्रोनची सरकारकडे ऑनलाइन नोंदणी लागते, थर्ड पार्टी विमा लागतो. विमानतळाजवळ, लष्कराच्या हद्दीजवळ तर विषयच सोड, आणि तुमच्याकडे लष्कराच्या जागा कमी नाहीत. शिवाय फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे, बाजारात मिळतात ते कुठल्या रस्त्याने आलेत ते मी सांगायला नको. वर्षातल्या दहा लग्नांसाठी सर्टिफिकेटवाला ड्रोनवाला दिवसावर बोलाव, स्वस्त पडेल.

*रायगडावर प्री-वेडिंग करायचंय. (महाड)* — रायगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, अशा ठिकाणी धंद्याच्या शूटला लेखी परवानगी लागते, गेटवर ओळख काढून आत जाऊ नका. आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर गडावर ते गाउन आणि धुराचे फटाके नकोतच. खाली गांधारी नदीकाठी पहाटे फार सुंदर उजेड असतो.

प्रश्न : मला लग्नं नकोत. रात्री उशीर, घरी लहान मूल आहे. वस्तूंचे फोटो काढून इथे राहून धंदा होईल का? — रत्नागिरी

उत्तर : होईल, आणि तू राहतेस तिथे तर होईलच. कोकम, आंबापोली, काजू, फणसाचे गरे, मसाले, किती महिला बचत गट आणि घरगुती उत्पादक आहेत, आणि त्यांच्या पाकिटांचे फोटो स्वयंपाकघराच्या ओट्यावर फ्लॅश मारून काढलेले असतात. तुला स्टुडिओ लागत नाही. उत्तरेकडची खिडकी, पांढरा कार्डशीट, ट्रायपॉड आणि सावली भरायला थर्माकोलचा तुकडा, इथून सुरू कर, पावसाळ्यात उजेड जातो म्हणून एक लाइट आणि सॉफ्टबॉक्स नंतर घे.

ॲमेझॉनसारख्या साइटवर विकायचं तर मुख्य फोटोला पूर्ण पांढरी पार्श्वभूमी लागते, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला असावा लागतो, आणि झूम व्हायला मोठी बाजू १००० पिक्सेलच्या वर पाहिजे. उत्पादकांना हे नियम माहीत नसतात आणि त्यांची लिस्टिंग अडकते, तू 'फोटो काढते' असं न सांगता 'लिस्टिंगला चालणारे फोटो देते' असं सांग. रेट दिवसावर नको, वस्तूवर लाव, एका वस्तूचे एक पांढऱ्यावरचा, एक बाटलीच्या मागच्या लेबलचा, एक ग्लासात सरबत ओतलेला असे तीन-चार फोटो मिळून. पाच वस्तूंच्या खाली काम घ्यायचं नाही, कारण मांडामांड तेवढीच लागते.

पहिलं गिऱ्हाईक शोधायला एक कर, बाजारातनं तुला आवडणाऱ्या एखाद्या स्थानिक ब्रँडची कोकम सरबताची बाटली विकत आण, चांगला फोटो काढ आणि त्यांच्या पाकिटावरच्या नंबरवर व्हॉट्सॲप कर, त्यांचा आत्ताचा फोटो आणि तुझा फोटो शेजारी शेजारी. टीका करू नकोस, नुसते दोन फोटो पाठव. हे जानेवारी-फेब्रुवारीत कर, एप्रिलमध्ये आंबा सुरू झाला की कुणाला फोन उचलायला वेळ नसतो. आणि मूल मोठं होईतो गणपतीपुळे, आरे-वारे बाजूच्या होमस्टेवाल्यांनाही विचारून बघ, त्यांच्या खोल्यांचे फोटो सकाळी दहा ते बारात निघतात, शाळा सुटायच्या आत घरी येशील.